याकोब गिरदावरांचा खरा कागद

झेरॉक्स मशीनवर विश्वास नसलेला माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी रोज पाहतो. सकाळी साडेदहाला तो माझ्या दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसतो. गिऱ्हाईक झेरॉक्स घेऊन वळलं की हात पुढे करतो, डाव्या हातात अस्सल कागद धरतो, उजव्या हातात नक्कल, आणि पहिल्या ओळीपासून खालच्या शिक्क्यापर्यंत दोन्ही ताडून पाहतो. मग नकलेच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक बारीक टिंब देतो आणि गिऱ्हाइकाला सोडतो. कचेरीच्या जुन्या भाषेत याला मुकाबला म्हणतात. निजामाच्या काळात नकला हातानं व्हायच्या, तेव्हा एकानं अस्सल वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवायचं, असं ते काम चालायचं. निजाम गेला, हातानं लिहिणारे गेले. याकोब गिरदावर मात्र आहेत.

"अहो, मशीन आहे ते," मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो. "समोर ठेवलं तेच छापणार."

"मशीनले डोये कुठी हायेत?" ते म्हणाले.

त्याच आठवड्यात एका शेतकऱ्याच्या कागदाचा कोपरा काचेवर दुमडला गेला आणि सर्व्हे नंबरातला शेवटचा आकडा नकलेत आलाच नाही. गिरदावरांनी तो पकडला. शेतकरी त्यांच्या पाया पडला आणि त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच रात्रीतून त्याचा बांध कोरला होता. तेव्हापासून माझ्या दुकानात माझं काही चालत नाही. गिऱ्हाईकच विचारतं, "मुकाबला झाला काय?"

गाव आमचं बेला आणि जैनथच्या पट्ट्यातलं, पैनगंगेच्या अलीकडचं, तेलुगू मुलखातलं पण मराठी बोलणारं. नाव सांगत नाही. सांगितलं तर गिरदावर हा मजकूर घेऊन बसतील आणि कोणत्या ओळीत मी किती वाढवलं ते समासात लिहून देतील. माझं दुकान तहसिलीसमोर. मागे आमचं घर, आणि आमच्या न्हाणीघराच्या भिंतीला लागून त्यांचं.

गिरदावर म्हणजे पटवाऱ्यांवरचा साहेब. गावोगाव फिरून जमिनीची नोंद खरी की खोटी हे पाहायचं, पंचनामे करायचे, दाखल्यांवर चौकशी करून सही द्यायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण सदऱ्याच्या खिशातली दोन पेनं, गळ्यातल्या दोरीला बांधलेलं भिंग आणि चेहऱ्यावरची चौकशी तशीच आहे. माझ्या बायकोनं, सुनंदानं, एकदा त्यांना विचारलं, भाजी कशी झाली. त्यांनी दोन घास खाल्ले, डोळे मिटले आणि म्हणाले, "वांगं सच्चं हाय. तेलाची गवाही कच्ची हाय." सुनंदानं तेल बदललं. माझ्या सांगण्यावरून तिनं तीस वर्षांत काही बदललेलं नाही.

धर्मानं ते ख्रिस्ती. आमच्या गावात त्यांची अकरा घरं. पाण्याच्या टाकीमागे पत्र्याचं छोटं चर्च आहे. तिथला पाळक तरुण आहे, तेलुगू बोलतो, आणि गिरदावरांचं मराठी शास्त्र त्याच्या तेलुगू शास्त्राशी दर रविवारी ताडून पाहिलं जातं, त्यामुळे उपासना कधी वेळेवर सुटत नाही.

आता हे शास्त्र माझ्या मागे कसं लागलं ते सांगतो. दोष माझाच आहे.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं आणि मला खोडी काढायची लहर आली. मी म्हणालो, "गिरदावरसाहेब, माझी मशीनची नक्कल तुम्हाला चालत नाही. मग तुमचं ते पवित्र शास्त्र काय आहे? नकलेची नक्कल, तिची नक्कल, ती पण भाषा बदलून. त्याचा अस्सल कुठे आहे?"

मला वाटलं, चिडतील. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून हसले. इतक्या वर्षांत मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले.

"हा सवाल मले आजपरेंत चर्चातल्या कोनी नाही केला," ते म्हणाले. "तुमी पंच व्हा."

दुसऱ्या दिवसापासून सुनावणी सुरू झाली. ते एक कापडी बांधणीची जुनी वही घेऊन येऊ लागले. डाव्या पानावर त्यांचं म्हणणं, उजव्या पानावर 'पंचाचा उजर', म्हणजे माझी हरकत. मी पंच काय झालो, माझं दुकानच कचेरी झालं.

अस्सल हरवला आहे, हे त्यांनी पहिल्याच तारखेला कबूल केलं. पण म्हणाले, एका तहसिलीत एकच कागद असेल तर त्यात खाडाखोड करणं सोपं. तोच कागद चाळीस तहसिलीत नकलून गेला असेल तर? एका पटवाऱ्यानं आपल्या नकलेत नंबर फिरवला, तर बाकीच्या एकोणचाळीस नकला बोंब मारतात. शास्त्राच्या हातानं केलेल्या नकला देशोदेशी, वाळवंटात, डोंगरात, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या लोकांपाशी सापडल्या. त्या ताडून पाहिल्या. चुका निघाल्या. कुठे शब्द पुढेमागे, कुठे ओळ गळलेली. पण जमीन तीच निघाली, चतुःसीमा त्याच निघाल्या.

"म्हणजे चुका आहेत," मी ओरडलो. माझा पहिला उजर.

"हायेत त. पन लपवल्या नाही कोनी. समासात लिहून ठेवल्या. ज्या दफ्तरात एकबी चूक सापडत नाही ना पुरुभाऊ, थे दफ्तर मी पहिले कुलूप लावून घेतो."

चार साक्षीदारांचं प्रकरण तीन दिवस चाललं. येशूची हकीकत चौघांनी चार पुस्तकांत लिहिली आहे आणि चौघांचं सगळं जुळत नाही. कोणी म्हणतो कबरेपाशी एक देवदूत होता, कोणी म्हणतो दोन. मी हे कुठेतरी ऐकलेलं होतं आणि मोठ्या ऐटीनं पुढे टाकलं. गिरदावरांनी मला बांधावरच्या निंबाची गोष्ट सांगितली.

एका गावात दोन भावांचं निंबाच्या झाडावरून भांडण होतं. झाड कोणाचं? मोठ्या भावानं पाच पंच उभे केले. पाचही जणांनी एकामागून एक येऊन एकच वाक्य सांगितलं, की सदरहू झाड हे अर्जदाराच्या वडिलांनी स्वहस्ते लावलेले आहे. गिरदावर हे सांगताना अजूनही बाकावरून अर्धे उठतात. "सदरहू! ज्याले आपल्या बैलाचं वय सांगता येत नाही, थो मानूस सदरहू म्हन्ते काय?" त्यांनी पंचनामा तिथेच फाडला. दुसऱ्या दिवशी पंचांना वेगवेगळं बोलावलं. मग एक म्हणाला झाड बापानं लावलं, एक म्हणाला आजीनं, एक म्हणाला आपोआप उगवलं पण पाणी आजी घालायची. "आता जुयलं," गिरदावर म्हणाले. झाड आजीचं निघालं आणि दोघा भावांत वाटलं गेलं. चौघांचं बोलणं शब्दाला शब्द जुळलं असतं तर मीच त्या शास्त्रावर सही केली नसती, असं ते मला म्हणाले. माणसं खरं सांगतात तेव्हा गाभा सारखा असतो आणि कडा वेगळ्या असतात.

बायकांचा मुद्दा निघाला त्या दिवशी सुनंदा चहा घेऊन बाहेर आली होती. कबर रिकामी आहे हे आधी कोणी पाहिलं, तर बायकांनी. आणि त्या काळी त्या देशात कचेरीत बाईच्या साक्षीला कोणी फारसं मोजत नसे. गिरदावरांचं म्हणणं असं, की ज्याला खोटी केस बनवायची आहे तो असा साक्षीदार कशाला आणेल? तो गावचा सरपंच आणेल, सावकार आणेल. बायका लिहिल्या आहेत, कारण बायकाच होत्या.

"आणि त्यांनी सांगितलेलं पुरुषांनी ऐकलं का?" सुनंदानं विचारलं.

"नाही ऐकलं. फालतू बोलून राह्यल्या म्हनले. थेबी लिवलं हाय."

"मग खरंच असेल," सुनंदा म्हणाली आणि आत गेली. त्या दिवसापासून त्यांच्या चहात आलं पडू लागलं. माझ्या चहात नाही.

एक गोष्ट मला टोचायची. दोन-तीन महिने हा माणूस मला शास्त्राचा खरेपणा सांगतो आहे, आणि एकदाही म्हणाला नाही की पुरुभाऊ, चर्चात या. मी मारुतीला नारळ फोडून येतो तेव्हा मजेत प्रसाद मागतो. शेवटी मीच विचारलं, की मला बाटवायचं नसेल तर एवढी मेहनत कशासाठी? ते म्हणाले, पंचानं कोणत्या बाजूला जाऊ नये, गेला तर त्याच्या सहीची किंमत जाते. मी जरा खट्टू झालो, हे कबूल करतो. आपल्याला कोणी ओढायला आलं नाही याचंही माणसाला वाईट वाटतं.

हरकती त्यांनी प्रामाणिकपणे लिहून घेतल्या. मी म्हणालो, त्या साक्षीदारांनी मार खाल्ला, जीव दिला, मान्य; पण माणसं खोट्या गोष्टीसाठीही जीव देतात. ते म्हणाले, खोटं आहे हे स्वतःला ठाऊक असताना देत नाहीत. मी म्हणालो, मग त्यांना भास झाला असेल. यावर त्यांनी उजव्या पानावर माझा उजर लिहिला आणि खाली लिहिलं, 'जवाब शिल्लक.' तसे बारा-तेरा जवाब त्या वहीत शिल्लक आहेत. मला त्यांच्याबद्दल आदर वाटू लागला तो त्या शिल्लक पानांमुळे.

पाळकाला हे कळलं आणि त्यानं एका रविवारी त्यांना 'आपण शास्त्रावर का भरवसा ठेवतो' यावर पंधरा मिनिटं बोलायला उभं केलं. सुनंदा आणि मी मुद्दाम गेलो. गिरदावर अंगठ्याच्या ठशापासून सुरू झाले. डाव्या अंगठ्याचा ठसा, उजव्याचा ठसा, मेलेल्या माणसाचा ठसा कसा ओळखावा. सव्वा तासानं ते निंबाच्या झाडापाशी पोचले. पाळक उठून उभा राहिला, खाली बसला, पुन्हा उभा राहिला. मागच्या रांगेतल्या दोघी पेंगल्या. मी मात्र टक्क जागा होतो, कारण पुढचा मुद्दा कोणता हे मला ठाऊक होतं, आणि तो आला की गिरदावरांचं काय होतं हेही मी पाहिलेलं होतं.

तो मुद्दा असा. येशूला पकडून नेलं त्या वेळी त्याचा पहिल्या नंबरचा शिष्य अंगणात शेकत बसला होता. एका मोलकरणीनं विचारलं, तू त्याच्यातलाच ना? तो म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. तीनदा विचारलं, तीनदा म्हणाला. पुढे हाच माणूस सगळ्या मंडळीचा पुढारी झाला. आणि त्याची ही लाज चारही पुस्तकांत जशीच्या तशी आहे.

"खोटा कागद लिवनारा सोताले चांगलं लिवते," गिरदावर सांगायचे. "यानं आपली बदनामी खोडू नाही देल्ली. म्हून मी म्हन्तो, कागद सच्चा हाय."

बाकी प्रत्येक मुद्द्यानंतर ते पेन सरसावून विचारायचे, "पंचाचा उजर?" या मुद्द्यानंतर कधी विचारलं नाही. भिंग पुसायचे, वही बांधायचे आणि टिंब द्यायचं विसरून घरी निघून जायचे. चर्चातही तसंच झालं. तो मुद्दा सांगितला आणि वाक्य पुरं न करता खाली बसले. पाळकानं देवाचे आभार मानले, आणि त्याचा चेहरा पाहता ते अगदी मनापासून मानले होते.

आता मी जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो. टाळत होतो, कारण त्यात मीही आहे.

गिरदावरांना एकच मुलगी, एस्तर. माझ्याच दुकानातून पाट्या-पेन्सिली नेऊन मोठी झाली. नर्सिंग शिकली आणि जैनथच्या एका बौद्ध मास्तराशी रजिस्टर लग्न करून मोकळी झाली. पोरगा सोन्यासारखा. पण चर्चात कुजबुज झाली, कचेरीत थट्टा झाली, आणि समजूत घालायला तिची आई मार्थाबाई नव्हत्या, त्या आदल्याच वर्षी गेल्या होत्या. बाप-लेकीचं बोलणं तुटलं.

लग्नानंतर चार-पाच महिन्यांनी एस्तर तहसिलीत आली. नोकरीच्या अर्जाला रहिवासी दाखला हवा होता आणि तिचा जन्म, शाळा सगळं इथलं. सोबत सासू होती. दाखल्यावर सही गिरदावरांची. मी त्या वेळी झेरॉक्सचा गठ्ठा द्यायला आत गेलो होतो आणि टेबलापाशीच उभा होतो. शिपायानं आपुलकीनं म्हटलं, "सायेब, तुमची पोरगी आली ना?"

गिरदावरांनी मान वर केली नाही. म्हणाले, "मी नाही वळखत. लाइनीत उभं राहा म्हना."

ती लाइनीत उभी राहिली. नंबर आला. गिरदावरांनी तिचा अर्ज नेहमीसारखा शब्द न् शब्द वाचला. वडिलांचं नाव, या रकान्यात त्यांचंच नाव होतं. तेही वाचलं. बरोबर आहे, अशी खूण केली, सही ठोकली आणि कागद पुढे सरकवला. ती कागद घेऊन गेली. पुढची सात वर्षं ती परत या गावात आली नाही.

मी काय केलं? काही नाही. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं होतं. मी झेरॉक्सचे कागद मोजत होतो.

गेल्या उन्हाळ्यात बातमी आली, की एस्तरला खम्ममकडे कायमची नोकरी लागली आणि शाळा सुटल्या की घरदार घेऊन ते तिकडेच जाणार. जैनथ आमच्यापासून ऑटोच्या अंतरावर. खम्मम म्हणजे दुसरा मुलूखच. सुनंदानं ही बातमी गिरदावरांना ऐकू जाईल अशी दुकानात दोनदा सांगितली. ते मुकाबला करत होते. तोच कागद त्यांनी तिसऱ्यांदा पहिल्या ओळीपासून सुरू केला.

आठवडाभरानं ते नऊ पानी मजकूर घेऊन आले. त्यांची जबानी होती, लेकीला पाठवायची. फोन का नाही करत, असं मी विचारलं, तर म्हणाले, फोनचा कागद होत नाही. "पंच म्हून वाचा. सच्चा वाटते काय सांगा."

वाचला. परिच्छेदांना आकडे होते. मार्थाबाईंचं दुखणं होतं, चर्चातलं कोण काय म्हणालं ते होतं, कचेरीची शिस्त होती, नात्यातल्या माणसालाही रांगेत उभं करावं लागतं याचा नियम होता. एक शब्द चुकलेला नव्हता. आणि पहिल्या पानापासून नवव्या पानापर्यंत गिरदावरांची कुठेही चूक नव्हती.

मी उगीच धाडसी माणूस नाही. पण तीन महिने पंच झालो होतो. म्हणालो, "साहेब, उजर आहे. हा कागद खोटा आहे."

"कोनता मुद्दा खोटा हाय?"

"मुद्दे सगळे खरे आहेत. पण लिहिणाऱ्यानं स्वतःला सगळीकडे चांगलं लिहिलं आहे. तुमच्याच नियमानं सांगतो."

त्यांचा चेहरा उतरला, मग तापला. नऊ पानं गोळा केली आणि गेले. त्यानंतर आठ दिवस बाक रिकामा होता. लोकांची काय अवस्था झाली सांगू? झेरॉक्स घेऊन इकडेतिकडे बघत उभे राहायचे. एक म्हातारा तर म्हणाला, "गिरदावर नाही? मंग उद्या येतो." मी रोज न्हाणीघराच्या भिंतीला कान लावत होतो. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, कागद फाडल्याचा यायचा. सुनंदा माझ्याशी बोलत नव्हती. तिच्या मते मी त्या माणसाच्या जिवावर उठलो होतो, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

नवव्या दिवशी ते आले. हातात एकच पान होतं. त्यावर पाच-सहा ओळी. मी त्या इथे लिहितो, कारण पुढे त्याची परवानगी मिळाली.

'तू कचेरीत आली होतीस. हिरवी साडी होती. शिपायानं विचारलं तेव्हा मी तुला ओळखत नाही म्हणालो. मी तुला दारातून आत येतानाच ओळखलं होतं. चालण्यावरून. तुझ्या अर्जात बापाचं नाव मी वाचलं आणि बरोबर आहे म्हणून सही केली. त्या दिवशी कागद खरा बोलला आणि मी खोटं बोललो. यात मला काही खुलासा द्यायचा नाही. — बाबा.'

खाली लिहिलं होतं, 'गवाह', आणि पुढे जागा मोकळी.

"तुमी हजर होते," ते म्हणाले.

म्हणजे सात वर्षं त्यांना ठाऊक होतं, की मी तिथे होतो. कधी बोलले नाहीत. मी पेन घेतलं. नुसती सही करायचा धीर होईना, म्हणून लिहिलं, 'हजर होतो. ओळखत होतो. गप्प राहिलो.' मग सवयीनं मजकूर पुन्हा वाचला आणि थांबलो.

"साहेब, साडी हिरवी नव्हती. पिवळी होती. मला पक्कं आठवतं."

"हिरवी होती."

"पिवळी. काठ लाल."

वाद वाढला असता. पण एकाएकी त्यांचे डोळे चमकले. "मंग तसंच लिवा," ते म्हणाले. "तुमच्या हातानं लिवा, पिवळी. माह्यी हिरवी राहू द्या."

पत्र रजिस्टर टपालानं गेलं. पोचपावती परत आली तेव्हा तिच्यावर एस्तरची सही होती. गिरदावरांनी माझ्याकडून तिचा जुना शाळेचा कागद शोधून घेतला, भिंग लावून दोन्ही सह्या ताडून पाहिल्या आणि पोचपावतीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं टिंब दिलं. मग ती पावती सदऱ्याच्या खिशात गेली, दोन पेनांच्या मध्ये. जवाब मात्र आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. शाळा सुटल्या. मी विषय काढत नव्हतो, तेही काढत नव्हते. वहीत नवं पान उघडलं नाही. एकदाच ते आपणहून बोलले, की शास्त्रात त्या शिष्याला पुढे क्षमा मिळाली हेही लिहिलं आहे, पण तो पुरावा दुसऱ्याच्या केसमध्ये चालत नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी अकराच्या सुमारास जैनथकडून ऑटो आली आणि तहसिलीसमोर थांबली. आतून एस्तर उतरली. मागून तिचा नवरा, त्याच्या कडेवर चार वर्षांची पोर. गिरदावर बाकावर कोणाचातरी फेरफार ताडून पाहत होते. तिचे पाय दिसले तशी त्यांची नजर पायांवरून वर गेली आणि दोन्ही कागद मांडीवर तसेच राहिले. उठायचंही त्यांना सुचलं नाही.

तिच्या हातात ते पत्र होतं. घडीच्या रेघा पडलेल्या, बऱ्याच वेळा उघडलेल्या कागदाला पडतात तशा. तिनं ते त्यांच्यापुढे धरलं. मला म्हणाली, "काका, तुमीबी चुकले. साडी हिरवी नाही, पिवळीबी नाही. निळी होती. आईची होती."

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहू लागलो. दोन साक्षीदार, आणि दोघांनाही साडीचा रंग सांगता आला नाही.

"मंग कागद खोटा झाला काय?" गिरदावरांनी विचारलं. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"खोटा असता त आली असती काय?"

सुनंदा आतून खुर्च्या घेऊन आली, आणि मला म्हणाली, चहा तुम्ही ठेवा. पण मी तिथून कुठे हलणार होतो? पोरगी कडेवरून उतरली आणि थेट आजोबांच्या गळ्यातलं भिंग धरून ओढू लागली. ते तसेच वाकून राहिले, तिला ओढू देत. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी पत्र मांडीवर सरळ केलं, खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि 'हिरवी' या शब्दावर टोक नेलं.

एस्तरनं त्यांचा हात धरला.

"नका खोडू बाबा," ती म्हणाली. "आहे तसंच राहू द्या."

गिरदावरांनी थोडा वेळ त्या शब्दाकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.